मोठीमायच्या बांधीतलं पान

धान पोटरीवर आला की मला अजूनही पानांच्या कडा तपासायची सवय आहे. कॉलेजच्या बसमधून उतरून घरी चालत जाताना मी धुऱ्यावरून, शेताच्या बांधावरून, वाकते, एखादं पान दोन बोटांत धरून उजेडाकडे करते आणि त्याची कड टोकापासून खाली बघत जाते. कड हिरवी असली तरी माझं समाधान होत नाही. मी दुसरं पान धरते. बरोबरच्या शिक्षिका पुढे निघून जातात. त्यांना वाटतं, बाईंना शेतीचं वेड आहे.

अश्विनातला आमच्याकडचा वास वेगळा असतो. पाऊस सरत आलेला, बांध्यांमधलं, म्हणजे धानाच्या खाचरांमधलं, पाणी कोमट झालेलं, आणि धानाच्या पोटात कणीस धरत असताना सगळ्या शिवारावर दूध तापल्यासारखा एक गोडूस वास तरंगत असतो. बिरसीच्या विमानतळाकडून शिकाऊ विमानं घरघरत येतात, कामठ्याच्या बाजूला वळतात, परत जातात. त्यांच्या सावल्या धानावरून सरकल्या की बगळे उडतात आणि पुन्हा तिथेच बसतात. हे सगळं दरवर्षी येतं. दरवर्षी मला तोच एक हंगाम आठवतो, ज्यात मी एक पान न विचारता तोडलं होतं.

तेव्हा मी दक्षिणेतल्या एका शहरात संशोधन करत होते. गावात कोणी विचारलं, 'कायचा अभ्यास करून राहिली वो?', तर मी सांगायची, 'करपा पानात कुठं चिकटते, ते पाहून राहिली.' हे उत्तर लोकांना पटायचं. खरंही होतं ते.

कडा करपा आमच्या धानाचा जुना वैरी. वादळी पाऊस झाला की तो येतो. पानाच्या कडा आधी पिवळ्या पडतात, मग पांढुरक्या, आणि आठवड्याभरात सगळी बांधी उन्हाळ्यातल्या गवतासारखी दिसू लागते. त्यामागे एक जंतू असतो. तो पानाच्या पेशीत आपलं एक प्रथिन सोडतो. ते प्रथिन थेट पेशीच्या केंद्रकात शिरतं. तिथे डीएनएची लांबच लांब माळ असते, चारच अक्षरांची, कोट्यवधी वेळा उलटसुलट लिहिलेली. त्या सगळ्या पसाऱ्यात हे प्रथिन नेमकी वीसेक अक्षरांची एक जागा शोधून काढतं आणि तिथे बसतं. ते बसलं की शेजारचं जनुक जागं होतं आणि पान आपली साखर बाहेर सोडू लागतं. जंतूंची दिवाळी होते.

ती बसण्याची जागा शोधणं हे माझं काम होतं. डोळ्यांना काहीच दिसत नाही, म्हणून आडून आडून शोधावं लागतं. डीएनएच्या तुकड्यात प्रथिन मिसळायचं आणि तो तुकडा पारदर्शक जेलमधून विजेच्या ओढीनं पळवायचा. मोकळा तुकडा झरझर पुढे जातो. प्रथिन चिकटलेला तुकडा जड होतो, मागे रेंगाळतो. मागे रेंगाळलेली पट्टी दिसली की समजायचं, इथे कोणीतरी बसलंय. या कामात माणूस हळूहळू संशयी होतो. जे दिसतं ते खरंच दिसतंय की आपल्याला दिसायला हवंय, हे दर वेळी स्वतःला विचारावं लागतं. मी मात्र संशय घ्यायला त्याच्याही आधी शिकले होते. मोठीमायकडून.

मोठीमाय म्हणजे माझ्या बाबांच्या थोरल्या भावाची बायको. मोठेबाबा लवकर गेले. वाटणीत बोडीखालच्या, म्हणजे लहान तळ्याखालच्या, तीन बांध्या तिच्या वाट्याला आल्या, बाकीच्या आमच्या. ती बुटकी, काटक, आणि बोलताना समोरच्याच्या डोळ्यांऐवजी हातांकडे बघणारी. बियाण्याच्या कोठीच्या तोंडावर ती राखेची रेघ ओढून ठेवायची, कोणी हात घातला तर कळावं म्हणून. रेघ कधीच मोडलेली नसायची, तरी रोज सकाळी जाऊन बघायची. याला कारण होतं. पुष्कळ वर्षांपूर्वी वही घेतलेला एक माणूस आला होता, 'मावशी, मावशी' करत चहा प्यायला होता, आणि पायलीभर बियाणं घेऊन 'पुढच्या वर्षी येतो' म्हणून गेला होता. तो आला नाही. तेव्हापासून वही घेतलेल्या कुठल्याही माणसाला मोठीमायनं चहा विचारला नाही.

ते बियाणं काळकुशीचं होतं. धानाच्या दाण्याला काळी लांब कुसं, भात जाडसर, उत्पन्न कमी. सगळ्या गावानं नवी वाणं धरली, पण मोठीमायनं एका बांधीत काळकुशी लावणं सोडलं नाही.

त्या वर्षी पोळ्याला मी घरी आले होते. करपा लवकर उतरला होता. दुपारी बैल सजवणं चाललेलं असताना मी एकटीच बोडीकडे गेले. आमच्या बांध्या कडेनं पिवळ्या पडल्या होत्या. बाबांनी जे नवं वाण मोठ्या आशेनं लावलं होतं, त्याची पानं तर टोकापासून वाळत आलेली. आणि मधोमध मोठीमायची काळकुशी. हिरवीगार. पाणी तेच, वारा तोच, धुरा एकच, आणि ती बांधी अशी उभी की रोगाला तिचा पत्ताच सापडला नसावा.

मी आजूबाजूला पाहिलं. हे मला आज स्पष्ट आठवतं, की पान तोडण्याआधी मी आजूबाजूला पाहिलं. मग एक पान तोडलं, वहीत ठेवलं आणि वही ओढणीखाली धरून घरी आले.

विचारलं का नाही? विचारलं असतं तर समजावून सांगावं लागलं असतं, ती नाही म्हणाली असती, आणि एकाच पानाचा तर प्रश्न होता. शिवाय लहानपणी आम्ही तिथेच खेळलो होतो, वाटणी तर नंतर झाली. प्रयोगशाळेच्या फॉर्मवर 'नमुना कुठला' असा रकाना होता. त्यात मी लिहिलं, 'स्वतःचे शेत'.

त्या वाळक्या पानातून निघालेल्या डीएनएनं मला तीन दिवस झोप येऊ दिली नाही. जिथे प्रथिन बसायला हवं, तिथली सहा अक्षरं गायब होती. मी प्रथिन मिसळलं, तुकडा जेलमधून पळवला. पट्टी मागे राहिली नाही. सरळ पुढे गेली. काळकुशीत रोगाला बसायला जागाच नव्हती.

आमचे सर कमी बोलायचे. त्यांनी जेलचा फोटो खिडकीशी नेऊन पाहिला. "एका पानावर मी विश्वास ठेवत नाही," ते म्हणाले. "दहा रोपांची पानं आण."

म्हणून मी नवरात्रात पुन्हा गावी आले. या वेळी रीतसर विचारलं. मोठीमाय ओसरीत लसूण सोलत बसली होती. मी म्हटलं, "मोठीमाय, काळकुशीचे दहा पानं पाहिजेत. अभ्यासाले."

तिनं माझ्या हातांकडे पाहिलं. हातात कागदी पाकिटं होती.

"दहा?" ती म्हणाली. "तू कायले चिखलात उतरतं? बस. मी आनून देतो."

ती गेली आणि अर्ध्या तासानं पानं घेऊन आली. ताजी, लांब, कडा हिरव्या. मला इतका आनंद झाला की मी तिच्या पाया पडले. तिनं पाय मागे घेतले.

त्या दहाही पानांत ती सहा अक्षरं जागच्या जागी होती. प्रथिन दहाही तुकड्यांवर बसलं. दहाही पट्ट्या मागे रेंगाळल्या, एका रांगेत, शाळेतल्या मुलांसारख्या. मी पुन्हा केलं. पुन्हा तेच.

एक पान म्हणत होतं जागा नाही, दहा पानं म्हणत होती आहे. दोन्ही एकाच बांधीतली. मग मधे काहीतरी झालं होतं, आणि ते माझ्या हातून झालेलं नाही याची मला खात्री होती. का होती, ते आज सांगता येत नाही.

माझ्या शेजारच्या टेबलावर तपस्विनी काम करायची. ओडिशातल्या नदीकाठच्या गावची. तिचेही वडील धान लावायचे. वसतिगृहात आम्ही दोघीच अशा होतो की रात्रीचा भात पाण्यात भिजवून सकाळी कांद्याशी खायचो. ती त्याला पखाळ म्हणायची, मी बासी. बाकीच्या मुली नाक मुरडायच्या आणि आम्ही एकाच ताटात बसून हसायचो. तिच्या नमुन्यांचं वाण साधं होतं, चटकन करपा धरणारं. तिचे नमुने आणि माझे नमुने एकाच फ्रीजमध्ये, एकाच डब्यात असायचे.

संशय एकदा आला की त्याला पुरावे कमी पडत नाहीत. एका नळीवरचा आकडा मला माझ्या अक्षरातला वाटेना. ती एकदा डबा उघडून बराच वेळ उभी होती, ते आठवलं. मी आत आल्यावर ती काहीतरी बोलायची थांबली, असंही वाटलं. मी डब्याच्या झाकणावर चिकटपट्टीची बारीक चिंधी लावून ठेवली, कोणी उघडला तर कळावं म्हणून. सकाळी ती तुटलेली होती. अर्थातच तुटलेली होती. त्या डब्यात तिचंही सामान होतं.

मी तिला चहाच्या वेळी गाठलं. आम्ही आपसात हिंदीत बोलायचो.

"माझे नमुने बदलले गेलेत," मी म्हटलं. "त्या डब्याला तुझ्याशिवाय कोणी हात लावत नाही."

तिनं कप खाली ठेवला. "मी बदलले?"

"चुकून, म्हणतेय मी."

"चुकून हा शब्द तू आत्ता जोडलास," ती म्हणाली. "बोलताना तुझा चेहरा तसं म्हणत नव्हता."

ती उठली, फ्रीजमधून आपल्या सगळ्या नळ्या काढून आणल्या आणि बर्फासकट माझ्या टेबलावर ठेवल्या. "तपास. तुझ्या हातानं तपास. मी जवळही येणार नाही."

मी नको म्हणायला हवं होतं. मी तपासल्या. चार दिवस लागले. प्रत्येक नळीत तेच निघालं, जे तिनं वर लिहिलं होतं. पाचव्या दिवशी मी तिला सांगायला गेले तेव्हा तिनं खिडकीपाशी दुसरं टेबल घेतलं होतं. 'बरं,' एवढंच म्हणाली. त्यानंतर सकाळी मी एकटीच बासी खात असे, आणि काही दिवसांनी खाणंच सोडलं.

मग संशय माझ्याकडे वळला. पहिलंच पान खोटं असेल का? त्यात दुसरं काही मिसळलं असेल? दिवाळी होऊन गेली होती. मी पुन्हा घरी आले, कारण काळकुशी उशिरा कापणीला येते आणि उभी असेपर्यंत एखादं पान मिळणार होतं.

बांधीत कापणी सुरू होती. चार बाया विळे घेऊन ओळीनं पुढे सरकत होत्या, मागे धानाचे कडपे पसरत जात होते. काळ्या कुसांवर ऊन पडलं की सगळी बांधी धुरकट दिसायची. मोठीमाय टोकाला होती, पदर कमरेला खोचलेला. मी धुऱ्यावर उभी राहून विचारलं, "मोठीमाय, एक पान घेऊ?"

"आता इचारतं," ती म्हणाली. विळा थांबला नाही. "पोळ्याच्या दिसी नाई इचारलं तं."

मला ऐकू आलेलं खरं वाटेना. "तूनं पाह्यलं होतं?"

"माह्या बांधीत बगळा उतरला तरी मले दिसते. तू तं येवढी मोठी पोट्टी. पान तोडलं, वहीत ठेवलं, वही ओढनीत लपवली. चोरच असे लपवते."

"मंग नवरात्रात दिलेले पानं?"

"तुह्या बापाच्या बांधीतले." तिनं कडपा खाली टाकला. "कडा हिरव्या पाहून निवडून निवडून तोडले. येवढ्या करप्यात दहा हिरवे पानं सापडाले किती येळ लागला, मालूम आहे तुले?"

 मी धुऱ्यावर बसले. "काऊन केलं असं?"

"तू काऊन केलं?" ती म्हणाली.

 मी तिला तपस्विनीचं सांगितलं. पानं जुळली नाहीत म्हणून मी तिच्यावर आळ घेतला, चार दिवस तिच्या नळ्या तपासल्या, ती आता बोलत नाही. सांगताना मी पहिल्यांदाच ते सलग ऐकत होते. मोठीमायचा विळा थांबला.

"शेतकऱ्याची पोरगी?"

"हो."

"अन् तूनं तिले चोर म्हटलं. माह्या पानासाठी."

ती धुऱ्यावर चढली, हात लुगड्याला पुसले. "लाव फोन."

"मोठीमाय, राहू दे."

"लाव म्हनतो ना."

बोडीच्या पाळीवर जरा उंचावर फोन लागायचा. आम्ही दोघी तिथे जाऊन उभ्या राहिलो. तपस्विनीनं उचलला. मी 'घरून बोलतेय' एवढं म्हणते तोच मोठीमायनं फोन ओढून घेतला आणि गोंदियाच्या बाजारात बोलतात त्या हिंदीत मोठ्यानं सुरू केलं, "बेटी, मैं शालू की बड़ी माँ. वो पत्ते मैंने बदले थे. ये लड़की पे मेरा भरोसा नहीं था, इसलिए. तेरी कोई गलती नहीं. सुना क्या?"

 पलीकडून तपस्विनीचा आवाज, बारीक, पण मला ऐकू आला, "माँजी, कौन सा धान है आपका?"

मोठीमायनं तळवा फोनवर दाबला आणि माझ्याकडे वळली. "हे काऊन इचारून राहिली?"

मी हसले. ती हसली नाही. फोन मला परत देऊन कापणीला गेली.

पानं तिनं दिली नाहीत. नमुन्यासाठी भरायचा प्रयोगशाळेचा फॉर्म मी बरोबर आणला होता, तो संध्याकाळी तिनं मला वाचून दाखवायला लावला. मी एकेक ओळ मराठीत करून सांगितली. नमुना कोणाकडे राहील, त्याच्यावर कोणाचा हक्क राहील, कोणाच्या परवानगीनं तो पुढे कुठे जाईल. ती कंदमुळं निवडावीत तशी प्रत्येक ओळ उलटून पालटून बघत होती.

"अन् माह्यं नाव कुठं आहे?"

मी पान उलटून पाहिलं. "नाही आहे."

"मंग नाई," ती म्हणाली. रागानं नाही. दार लावून घ्यावं तसं.

परत गेल्यावर मी सरांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, पहिल्या पानाचं थोडं डीएनए शिल्लक आहे, एका चांगल्या प्रयोगाला पुरेल. मग त्यांनी फाइल उघडली आणि त्या रकान्यावर बोट ठेवलं. "स्वतःचे शेत. हे कोणी लिहिलं?"

"मी."

त्यांनी फाइल मिटली. माझ्या प्रबंधात काळकुशी नाही. ते प्रकरण मी संशोधन केंद्राच्या माहीत असलेल्या वाणावर लिहिलं. ते बऱ्यापैकी जमलं, चुकीचं नव्हतं, आणि त्याच्याकडे कोणाचं फारसं लक्षही गेलं नाही. तपस्विनी माझ्या तोंडी परीक्षेला येऊन मागच्या रांगेत बसली होती. तिनं टाळ्या वाजवल्या, अभिनंदन केलं. आम्ही अजूनही सणाला एकमेकींना फोन करतो, प्रकृती विचारतो. पण एका ताटात बसून खाणं होतं ते परत आलं नाही, आणि ते न येण्यात तिची चूक नाही. शेवटपर्यंत ती आपल्या नळ्या वेगळ्या डब्यात ठेवत असे. त्या डब्याला तिनं छोटं कुलूप आणलं होतं. मला ते दिसेल असंच ती लावायची की मला तसं वाटायचं, हे मी आजही ठरवू शकत नाही.

त्या तीळसंक्रांतीला मी उरलेली नळी थर्मासमध्ये बर्फात घालून गावी आणली. गोंदियाला उतरेपर्यंत बर्फाचं पाणी झालं होतं. मोठीमाय अंगणात उन्हात बसली होती. मी नळी तिच्या हातात दिली. करंगळीच्या पेरापेक्षा लहान, तळाशी एक थेंब.

"पोळ्याच्या दिवशीचं पान," मी म्हटलं. "एवढंच उरलं होतं."

तिनं ती उन्हात धरली, आडवी केली, उलटी केली. थेंब तळाला चिकटूनच राहिला.

"हे तं पानी आहे."

"त्यातच आहे. दिसत नाही."

"तुले दिसते?"

"मलेही नाई दिसत."

"मंग हे माह्याच बांधीतलं आहे, हे तुले कसं मालूम?"

"वर लिहिलं आहे ना."

"कोनं लिहिलं?"

 तिनं नखानं झाकण उचकटलं, नळी जमिनीवर उपडी धरून झटकली आणि जागा ओली झाली का ते वाकून पाहिलं. तिळाएवढा डाग पडला होता, तो बघता बघता वाळला. रिकामी नळी तिनं मला परत दिली.

"आता नाई ना कुठं?"

"नाही."

तिची नजर माझ्या हातांवरून खांद्यावरच्या पिशवीकडे गेली. मी पिशवी उतरवली, चेन उघडली आणि तिच्यापुढे ठेवली. मोठीमायनं ती जवळ ओढली आणि तळापर्यंत नीट पाहिली.